भिंत ओळखणारा डबा

नगरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या त्र्यंबकरावांनी १९७३ सालच्या उन्हाळ्यात बायकोसाठी एक यंत्रमानव बनवला. दिसायला तो नुसता चाकांवरचा पत्र्याचा डबा होता. पण मुंबईच्या कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरमधले, कार्डांवरची भोकं वाचणारे फोटोसेल त्यांनी भंगारवाल्याकडून स्वस्तात आणून त्याला डोळे म्हणून बसवले होते. डब्यावरच्या दिव्याचा उजेड भिंतीवरून परतून त्या डोळ्यांवर पडला, की बॅटरीवर पुढे सरकणारा डबा थांबायचा आणि घंटी वाजायची. काचबिंदूनं दृष्टी गेलेल्या नीलांबरीबाई त्याची दोरी धरून स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत एकट्या चालत आल्या. भिंतीपाशी घंटी वाजली, तशा त्या थांबल्या. आनंदानं त्र्यंबकरावांना धाप लागली. “बघ, आता तुला कुणाच्या हाताची गरज नाही,” ते म्हणून गेले, आणि लगेच त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं. नीलांबरीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नऊ वर्षं नवऱ्याचा दंड धरून चालणाऱ्या बाईला ही धाप नुसत्या आनंदाची नाही, आजाराची आहे, हे कळत होतं. “अहो, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?” त्यांनी शांतपणे विचारलं. दोन महिने लपवलेलं आता लपवण्यात अर्थ नव्हता. “दिवाळीपर्यंत,” ते म्हणाले. मग नीलांबरीबाईंनी दोरी सोडली आणि अंदाजानं हात पुढे केला. “याच्याबरोबर उद्यापासून चालेन मी. आज तुम्हीच मला कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत न्या.”