खडखडाट

आप्पांच्या जुन्या जीपच्या स्प्रिंगचे पाटे पार बसले होते आणि शॉकअप नावापुरतेच उरले होते. जीप गल्लीच्या तोंडाशी आली की तिचा खडखडाट थेट घरात ऐकू जायचा. मिस्त्रीने पाटे, शॉकअप, सगळं नवं घातलं आणि हात पुसत म्हणाला, "आप्पा, आता गाडी कधी आली ते कुणाला कळायचंसुद्धा नाही!"

आप्पा खुशीत घरी आले आणि दाराशीच थबकले. ज्या घराच्या शिस्तीचे ते चारचौघांत गोडवे गायचे, ते एरवीचं चिडीचूप घर हसण्याने दणाणत होतं. धाकटी लेक त्यांचा जुना चष्मा नाकावर चढवून, कमरेवर हात ठेवून त्यांच्याच आवाजात दरडावत होती, "काय चाललंय इथे?" आणि बायको पोट धरधरून हसत होती. तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, ते त्यांना काही केल्या आठवेना.

आप्पा आल्या पावली मागे फिरले आणि तडक गॅरेजात गेले.

"का हो आप्पा, काही राहिलं का?" मिस्त्रीने विचारलं.



"काम झकास झालंय रे. फक्त एक मोठा हॉर्न बसव... गल्लीच्या तोंडापासून घरात ऐकू जाईल असा."