विवर बार, चार ते पाच

बारमध्ये शिरताक्षणीच पद्माकररावांच्या डोक्यात बाटली बसली. विवर बारमध्ये याला स्वागत म्हणतात. त्यांनी आठांपैकी एका हाताने काचा झटकल्या, लोळत पडलेला तीन पायांचा खलाशी ओलांडला आणि कोपऱ्यातलं टेबल गाठलं.

शिंगाड्या अजून आला नव्हता.

पद्माकररावांनी मांडीवरचा टॅब्लेट टीपॉयवर टेकवला आणि चहाचा घोट घेतला. शनीच्या कड्यांपलीकडचा हा गुत्ता त्यांच्या बेंगळुरूच्या दिवाणखान्यात रोज चार ते पाच एवढाच वेळ उघडा असे. तेवढा वेळ कल्पनाताई खालच्या मजल्यावर वसुमतीअक्कांकडे भजनाला जात. भजन वर कधी ऐकू आलं नाही. गळे बसले असतील. हल्ली पदंही मोबाइलमध्ये बघूनच म्हणतात, त्यामुळे त्या चष्मा आणि चार्जर बरोबर नेत.

हा बार त्यांच्या मुलाने, सुहासने, काढला होता. म्हणजे चित्रात. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तो ऑनलाइन गेम बनवणाऱ्यांकडे गेला आणि त्यांच्या अंतराळात त्याने पहिली वास्तू उभारली ती ही. पद्माकररावांनी सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं सरळ रेषा मारल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांसमोर विचारलं, "दारूचा गुत्ता काढायला इंजिनियर केलं का तुला?"

"चित्रातला आहे, बाबा."

"म्हणजे दारूही नाही! असले धंदे माझ्या घरात नकोत."

सुहासने बॅग भरली. त्याला दोन वर्षं झाली. फोन लागत नाही, त्याच्या मित्रांना पत्ता ठाऊक नाही. कल्पनाताई त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत.

पण माणूस आपण काढलेलं चित्र बघायला कधीतरी येणारच, असं धरून सात महिन्यांपूर्वी पद्माकरराव 'भंगार' असं नाव घेऊन गेममध्ये शिरले. दहा दिवस नुसता मार खाल्ला. अकराव्या दिवशी 'शिंगाड्या' नावाचा एक एकशिंगी तस्कर शेजारी येऊन बसला आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली: "स्वल्प सरक की रे."

अख्ख्या विश्वात असं बोलणारं दुसरं कोण सापडणार? सुहासचं बालपण आनेकलला आजोळी गेलं, बोलीही तिथलीच, कानडी मिसळलेली: थोडंला 'स्वल्प', बरंला 'सरी'. त्या दिवशी पद्माकररावांचा चहा निवून त्यावर साय धरली.

नाव विचारायची मात्र सोय नव्हती. बारचा कायदा एकच. कुणी खरं नाव विचारलं किंवा सांगितलं, की दारावरचा राक्षस त्याला उचलून पोकळीत फेकतो आणि मग ते दार त्याला कायमचं बंद. मुलाला पुन्हा गमावण्यापेक्षा अनोळखी राहिलेलं बरं, असं म्हणत पद्माकररावांनी सात महिने काढले.

आज भिंतीवर पाटी लागली होती. गेम चालत नव्हता, म्हणून कंपनी तो बंद करत होती. शेवट आज, पाच वाजता.

शिंगाड्या धापा टाकत आला. एकशिंग्यांना धापा टाकायची सोय होती.

"उशीर केलास," भंगारने लिहिलं.

"सरी, झाला थोडा. जेवलास का?"

मागे दोन टोळ्यांत भोसकाभोसकी चालली होती. पण शिंगाड्याचा रोजचा पहिला प्रश्न हाच.

"जेवलो. तू?"

"माझं सोड. वाळलास तू."

"अरे, मी आठ हातांच्या गोगलगाईच्या जातीचा. मी वाळलेला कुठून दिसतो?"

"दिसतोस."

पद्माकररावांनी चष्मा पुसला. आईसारखाच झालाय कार्टा.

"एक विचारू?" शिंगाड्याने लिहिलं. "नाव नाही विचारत. तुझं कधी कुणाशी कडाक्याचं भांडण झालं होतं का?"

पद्माकरराव सावरून बसले. पोरगा चाचपून बघतोय.

"झालं होतं. माझ्याच माणसाशी. चूक माझी होती."

एक स्टूल दोघांच्या मधून उडत गेलं.

"चूक तुझी एकट्याची नव्हती रे. तिथे तिसरं कुणीतरी होतं ना? नुसतं बघत उभं राहिलं. खरी चूक त्याची."

म्हणजे आईवरही राग आहे तर. स्वतःवरचा राग पद्माकररावांनी पचवला असता, पण हे नव्हे.

"त्या तिसऱ्या माणसाला तेव्हापासून धड झोप नाही," त्यांनी लिहिलं.

"तुला काय माहीत?"

"अंदाज."

"अंदाज बरोबर आहे," शिंगाड्याने लिहिलं.

पाचाला पाच मिनिटं कमी होती. बारमधले दिवे एकेक करून जायला लागले. ज्यांनी सात महिने एकमेकांचे दात पाडले ते टोळीवाले एकमेकांना मिठ्या मारून नाहीसे झाले. खलाशी तसाच पडून होता. त्याचा मालक बहुधा ऑफिसात होता.

"उद्यापासून कुठे भेटशील?" शिंगाड्याने विचारलं.

पद्माकरराव लिहायला लागले. पुसलं. पुन्हा लिहिलं. पडद्यावरचे आठ हात टेबलावर शांत होते. खऱ्या दोन हातांना अक्षरं सापडत नव्हती. शिंगाड्याच्या डोक्यावरही ठिपके हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. तोही काहीतरी लिहीत होता.

राक्षसाने दारातून मान वळवली. आता त्याला कोण घाबरतो?

पाचाच्या ठोक्याला दोन्ही ओळी एकदमच उमटल्या.

"सुहास, मी बाबा. चुकलो. घरी ये."

"सुहास, मी आई. तेव्हा गप्प बसले रे. घरी ये."