तांब्याभर पाणी

रोहण्याच्या सरपंचाचं पत्र अण्णाजींकडे महिनाभर पडून होतं: ‘गुरुजी, उन्हापासून कसं जपावं, बाजाराच्या पाटीसाठी लिहून द्या.’ आपण काय डॉक्टर, या संकोचात उत्तर राहिलं. आज बाजारात बसणारी भाजीवाली आनंदाबाई त्यांच्या दारातच भोवळ येऊन पडली. अण्णाजींनी तिला सावलीत निजवलं, ओला दुपट्टा टाकून वारा घातला; सावरल्यावर मीठसाखरेच्या पाण्याचा तांब्या दिला. ‘पदराले कांदा बांधला होता, तरी ऊन लागलं!’ आनंदाबाई पुटपुटली. ‘कांद्यानं काय होते? पाणी काऊन नाई प्यालं, बाई?’ ‘दिवसभर बाजारात बसते, गुरुजी. पाणी पेऊन जाऊ कुठं? तुमच्या घरी?’ अण्णाजी लाजून म्हणाले, ‘येजो नं.’ खदखदून हसत तिनं तांब्या रिकामा केला. मग एकही शब्द न खोडता अण्णाजींनी लिहिलं: ‘पाटीआधी बाजारात बायांसाठी संडास बांधा.’ ऊन उतरताच पत्र ग्रामपंचायतीच्या पेटीत टाकलं.