न बोललेल्याचा प्रतिध्वनी

“आईच्या शेवटच्या आजारपणात तू का आला नाहीस, दादा?” धाकट्या बहिणीच्या, विनीताच्या, या पत्राला श्रीपादरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. पुढे ती सांगलीहून कोलकात्याला फोन करू लागली, पण तो प्रश्न दोघंही टाळत.

श्रीपादरावांची नोकरी फोनवरचा प्रतिध्वनी पुसण्याची होती. माणूस बोलला ते लक्षात ठेवायचं आणि परत येणाऱ्या आवाजातून तेवढंच वजा करायचं, अशी गाळणी ते बनवत. निवृत्तीनंतर स्वतःच्या फोनवरही त्यांनी तीच गाळणी बसवली होती.

रविवारी विनीतानं विचारलं, “जेवलास? की नुसतंच तिकडचं गोड दही, मिष्टी दोई?”

“जेवलो गं.”

तिकडून त्यांचाच आवाज परत आला, “मी घाबरलो होतो.”

हे ते बोललेच नव्हते. न बोललेलं गाळणी कुठून पुसणार?

“तुला ऐकू आलं?” त्यांनी विचारलं.

“काय? लाइन तर स्वच्छ आहे. कान तपासून घे, म्हाताऱ्या!”

फोन ठेवून त्यांनी कागद घेतला. ‘मी घाबरलो होतो, म्हणून आलो नाही,’ एवढंच लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं.

पेटीच्या आतून त्यांचाच आवाज आला, “दारापर्यंत येऊन परत फिरलो होतो. आईनं पाहिलं मला.”