फलाटावरून दिसणारं घर

शिराळ्याचे निवृत्त हवालदार नाथाजी मुलाचं नवं घर बघायला पहिल्यांदाच पुण्याला आले. मुलगा विश्वजीत त्यांना न्यायला एसटी स्टँडवर आला आणि म्हणाला, “आबा, आधी मेट्रो दाखवतो.” भर बाजारातल्या स्टेशनवर दोघं उतरले. उंच फलाटावरून खाली भांड्यांची दुकानं, रसवंती, रिक्षांची दाटी दिसत होती आणि त्यांच्या मागेच नव्या इमारती. विश्वजीतनं बोट दाखवलं. “ती पाचव्या मजल्यावरची निळी गॅलरी आपली.” नाथाजींनी लगेच पिशवी उचलली. “चल की मग.” “आज नको, आबा. अंकिताचं ऑफिस घरातूनच चालतं. इथून सगळं दिसतंय की.” “आरं, मी गप बसंन एका कोपऱ्यात.” विश्वजीत मोबाइलमध्ये बघत राहिला. तेवढ्यात सून अंकिता गॅलरीत कपडे वाळत घालायला आली. लग्नानंतर नाथाजी तिला पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी हौसेनं हात वर केला. विश्वजीतनं तो झटकन खाली ओढला. “नको ना आबा! तुम्ही आलाय हे तिला सांगितलेलं नाही मी.” परतीची मेट्रो आली तेव्हा मुलाची वाट न बघता ते आत जाऊन उभे राहिले. संध्याकाळी शिराळ्यात बायकोनं, चंद्राबाईंनी, त्यांना दारातच गाठलं. “आवं, सून बरी हाय न्हवं?” नाथाजी वाकून बूट सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. “बरी हाय,” ते म्हणाले, “लांबनं बघितली.”