सुपातल्या बोटांच्या खुणा

मोतीबिंदू काढून आठवडा झाला तरी सून कल्याणी सारखी मागेमागे फिरते, हे हौसाबाईंना खपत नव्हतं. “मी काय पाळण्यात हाय व्हय?” त्या फणकारायच्या. बारीक छेदातून बसवलेल्या नव्या भिंगानं त्यांना मुंगीचे पायसुद्धा दिसत. शिवाय हल्लीच्या भिंगातून माणसाची ऊबही दिसायची. कुणी कशाला हात लावला, की तिथं बोटांची तांबूस खूण घटकाभर राहायची.

आज त्यांनी सूपभर तांदूळ निवडले आणि कोंबड्यांना दाणे टाकून त्या परतल्या, तर सुपातले तांदूळ कल्याणीच्या बोटांनी लालेलाल झालेले.

“माझं निवडल्यालं परत निवडतीस? कवापासनं?”

कल्याणी खाली बघत म्हणाली, “तीन वर्सं झाली, आत्या. मूठभर खडं ऱ्हायचं.”

हौसाबाईंनी सूप जवळ ओढलं. आपल्या हातच्या तांदळात खडा सापडत नाही, असं त्यांनी गल्लीभर मिरवलं होतं.

“आन् आज?”

“आज एकबी न्हाई.”

हौसाबाईंना हसू आवरेना.

“लबाड हायेस तू. तीन वर्सं माझी अब्रू राखलीस, आन् मला पत्ता लागू दिला न्हाईस. बस हितं, आज भात मी घालते.”