पाण्यावर पाठ

“पाणघोड्यांनाही आमंत्रण दिलंय का, ओलोच्या आई?” ओज्वांगने होडीतूनच विचारलं.

“त्यांचं तुमच्याच हाती पाठवणार होते,” अकुमू म्हणाली. “पण आधी तुमची होडी हवीय, बाबा.”

शनिवारची सकाळ होती. सरोवराकाठच्या होमा बे गावाच्या धक्क्यावर निम्मा बाजार लोटला होता. अकुमू धुरावलेली मासळी विकायची आणि चार वर्षांपासून किनाऱ्यावरच्या बायकांना पोहायला शिकवत होती. आज तिच्या गटातल्या बारा जणी पहिल्यांदाच गावासमोर पोहणार होत्या. धक्क्यापासून पाण्यात बांधलेल्या तरंगत्या पिवळ्या डब्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं. सोबतीला काउंटीच्या सरकारी कचेरीतल्या साहेबांनी मोटरबोट कबूल केली होती. दहा वाजून गेले तरी ना साहेब आले, ना बोट. आणखी दोन तासांत सरोवरावर वारा सुटला असता.

“पुढच्या शनिवारी ठेव,” ओज्वांग म्हणाला.

“पुढच्या शनिवारी साहेब येतील, हे तुम्ही लिहून देता?”

ओज्वांगने वल्हं हाती घेतलं. साठ वर्षं तो या पाण्यावर मासे धरत होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. त्याच्या होडीवरच्या कुणालाच येत नव्हतं. अकुमूने गट काढला तेव्हा कोळ्यांच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, “पोहता येणाऱ्याला बुडायला जास्त वेळ लागतो, एवढाच काय तो फरक.” लोक हसले होते. त्यानंतर दोन वर्षांनी त्याचा मुलगा ओडेरा बुडाला. होडी उलटली ती इतक्या जवळ, की काठावरच्या बायकांनी सदऱ्याच्या रंगावरून त्याला ओळखलं होतं.

पाण्याकडे निघालेल्या रांगेत शेवटी ओडेराची बायको न्यागोल उभी होती. तिला बघून त्याचा हात वल्ह्यावरच थांबला.

“तूसुद्धा?”

“हो, बाबा.”

“घरी तीन लेकरं आहेत तुझी.”

“म्हणूनच,” न्यागोल म्हणाली आणि पाण्यात उतरली.

ओज्वांगने होडी वळवली आणि तिच्या मागे घेतली. बाकीच्यांकडे बघायला अकुमू होती, ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेकीला नावाने हाक मारत होती. बायका हळूहळू पण न थांबता पुढे सरकत होत्या. मासळीच्या टोपल्या वाहून रुंदावलेले खांदे पाणी कापत होते. एरवी याच बायका होड्यांची वाट बघत तासन् तास काठावर बसून असायच्या.

न्यागोल डब्यांपाशी पोचली, वळली, आणि तिथे जलपर्णीचा एक पुंजका वाहत तिच्यावर आला. मुळं पायांत गुंतली. तिने पाय झाडले, एक घोट पाणी पोटात गेलं, डोकं एकदा खाली गेलं.

“धर,” ओज्वांगने वल्हं पुढे केलं.

तिने वल्हं धरलं नाही. ती उताणी झाली. दोन्ही हात पसरले, हनुवटी आभाळाकडे केली, डोळे मिटले आणि तशीच निपचित पडून राहिली.

पाण्यावर असं पडलेलं माणूस ओज्वांगने पुष्कळदा पाहिलं होतं. कितीतरी जणांना त्याने याच होडीत ओढून घेतलं होतं. पण हिची छाती वरखाली होत होती. ती खोकली. पुंजका सुटून बाजूला वाहत गेला.

“न्यागोल,” त्याने हळूच हाक मारली.

“थांबा, बाबा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “दम खातेय.”

तो थांबला. खाली चार माणसं उभी बुडतील एवढं पाणी होतं आणि त्याची सून त्यावर अंगणात चटई टाकून पडावं तशी पडली होती. थोड्या वेळाने ती पालथी झाली आणि पुन्हा हात मारू लागली. त्याने काठाकडे पाहिलं. अजून बरंच अंतर होतं. ओडेरा गेला तो याच्या अर्ध्याहून कमी अंतरावर.

बाराव्या बाईचे पाय वाळूला लागले तशी धक्क्यावर बायकांच्या लांब आरोळ्या उठल्या. अकुमूने प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून बारा मोजल्या आणि मगच ती पाण्याबाहेर यायला निघाली. ओज्वांग होडी वाळूवर ओढून तिच्याजवळ गेला.

“ती मधे पडून राहिली होती, ते किती दिवसांत येतं?”

“न घाबरणाऱ्याला चार दिवसांत.”

“आणि घाबरणाऱ्याला?”

“पाच.”

त्याने मान हलवली. “पोहायचं ते तुम्ही पोहा. मला तेवढं पडायला शिकव.”

“सोमवारी सकाळी या.”

“सोमवारपर्यंत माझा विचार बदलेल,” तो म्हणाला.

अकुमू मागे फिरली आणि पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. “सदरा काढावा लागेल, बाबा.”

ओज्वांगने वरच्या बटणाला हात घातला. काठावर साठ-सत्तर बायका उभ्या होत्या, आरोळ्या थांबल्या होत्या, कुणी हसत नव्हतं. अंगाभोवती कोरडं कापड गुंडाळून बसलेल्या न्यागोलने सगळ्यांत आधी तोंड गावामागच्या डोंगराकडे फिरवलं. मग तिच्या शेजारणीने. मग एकेक करत सगळ्या बायका पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.